गुरव सरांचा डावा कौल

पनवेल स्टँडसमोरच्या हॉटेलात गुरव सर मिसळ मागवायचे, तेव्हा वेटर आत तोंड करून इडलीची ऑर्डर द्यायचा. यात वेटरची काही चूक नव्हती. माणूस क्षणाक्षणाला स्वतंत्र असतो असा सरांचा सिद्धांत होता, आणि तो नुसता शिकवून भागत नाही, जगून दाखवावा लागतो असं त्यांचं म्हणणं. म्हणून मिसळ टेबलावर आली की ते शांतपणे म्हणायचे, "नको. आता इडली." मिसळ खाणं आपल्या कपाळी लिहिलेलं असेलच, तर लिहिणाऱ्याला निदान खाडाखोड करावी लागू दे, एवढाच त्यांचा हेतू. दोन-चार मिसळी परत गेल्यावर वेटर शहाणा झाला आणि थेट इडली आणायला लागला. सरांच्या हे लक्षात आलं त्या दिवशी ते आलेली इडली ढकलून "मी मिसळ सांगितली होती" म्हणून अडून बसले. मग वेटर दोन्ही तयार ठेवू लागला. शेवटी एकदा त्यानं फडकं खांद्यावर टाकलं आणि हात जोडले, "सर, तुम्ही फक्त बसा. जे येईल ते खा."

"हा शुद्ध प्रारब्धवाद आहे," सर माझ्याकडे वळून म्हणाले. जे आलं ते त्यांनी खाल्लं. उपमा होता.

आमच्या कॉलेजात वामन गुरव तत्त्वज्ञान शिकवायचे आणि मी अर्थशास्त्र. म्हणजे दोघांच्याही विषयांत कुणाचा अंदाज कधी बरोबर येत नाही. मला त्याची थोडी लाज वाटायची आणि सरांना अभिमान वाटायचा. उंच, किंचित वाकलेला माणूस, शर्टाची एक बाही कोपरापर्यंत दुमडलेली आणि दुसरी मनगटाशी बटण लावलेली. "दोन्ही सारख्या हव्यात हे कोणी ठरवलं?" असं ते विचारायचे आणि याचं उत्तर आमच्या प्राचार्यांनाही देता आलं नव्हतं. घरी जाताना रिक्षात बसले की जुनं पनवेल सांगायचे आणि अर्ध्या वाटेत "नको, खांदा कॉलनीकडून घ्या" म्हणायचे. नाक्यावरचे रिक्षावाले त्यांना बसवून घेण्याआधी विचारायचे, "सर, नंतर काय सांगणार ते आत्ताच सांगून टाका ना."

त्यांचा वर्षाचा पहिला तास मी एकदा मागच्या बाकावर बसून ऐकला. त्यांनी पोरांना विचारलं, "तत्त्वज्ञान हा विषय तुम्ही का निवडलात?"

एक मुलगी प्रामाणिक निघाली. "सर, दुसरीकडे ॲडमिशन मिळालं नाही."

"म्हणजे निवडला नाहीत."

"नाही सर."

"छान. इथूनच सुरुवात करू."

आणि मग त्या माणसानं तासभर असं काही शिकवलं, की मी अर्थशास्त्राचा पगार घेतो याची मला खंत वाटली. जुन्या शोकांतिकांवर त्यांचा फार राग. भविष्यवाणी होते, राजा ती टाळायला पळतो, आणि पळण्याची वाट नेमकी तिथंच नेते, ही गोष्ट सांगताना ते संतापून टेबलावर हात आपटायचे. "पण भविष्य विचारायला जायला याला सांगितलं होतं कुणी? घरी बसला असता, दोन घास खाल्ले असते! गुलामी भविष्यात नसते, विचारण्यात असते!" तळोज्याच्या कारखान्यातली रात्रपाळी करून आलेली दोन मुलं पुढच्या बाकावर गाढ झोपली होती. त्यांच्याकडे पाहून सरांनी आवाज उतरवला आणि मला म्हणाले, "झोपू दे. आज सकाळपासून त्यांनी स्वतःच्या मनानं केलेली ही पहिलीच गोष्ट आहे."

असा हा स्वातंत्र्याचा भोक्ता माणूस एक वाक्य बोलायचं म्हटलं की मात्र थिजून जायचा. ते वाक्य त्यांना आमच्या ग्रंथपाल दुर्वे बाईंना सांगायचं होतं, आणि त्यांनी ते सांगावं म्हणून सगळं कॉलेज खोळंबलं होतं.

दुर्वे बाई म्हणजे सुलभा दुर्वे. बारीक चणीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या, आणि पुस्तक उशिरा परत करणाऱ्याला एका नजरेत रडवणाऱ्या. आईच्या आजारपणात लग्नाचं राहून गेलं, मग आईही गेली. सरांचंही असंच काहीतरी राहून गेलेलं. रोज मधल्या सुट्टीत सर ग्रंथालयात जायचे, बाई थर्मासमधला चहा दोन कपांत ओतायच्या आणि दोघं भांडायला बसायची. भांडण ठरलेलं असे. बाईंना कोणतीही कादंबरी हातात घेतली की आधी शेवटचं पान वाचायची सवय होती आणि सरांना ते पाप वाटायचं.

"शेवट ठरलेला माहीत असेल तर त्या बिचाऱ्या पात्रांना काय स्वातंत्र्य उरलं?" सर विचारायचे.

"शेवट कळला की माझा जीव भांड्यात पडतो," बाई म्हणायच्या. "मग मधली माणसं नीट दिसतात. नाहीतर सगळं लक्ष पुढं काय होणार इकडेच."

"पण त्यांनी ऐन वेळी वेगळं काही करायचं ठरवलं तर?"

"मग करू देत की. मी कुठं अडवते?"

हे शेवटचं वाक्य बाई ज्या नजरेनं म्हणायच्या, ती वर्तमानपत्रांच्या स्टँडमागून मलासुद्धा कळायची. सर मात्र चहाच्या कपात बघत बसायचे. बाईंची निवृत्ती पुढच्या वर्षी होती आणि निवृत्तीनंतर सांगलीला भावाकडे जायचं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. "इथं थांबायला काही कारण नाही," असं त्या म्हणायच्या आणि थोडं थांबायच्या. त्या थांबण्यात एखादा माणूस आरामात लग्नाचं विचारून, होकार घेऊन, पेढे वाटून आला असता.

आता या गोष्टीत देवी येते. पाताळगंगेच्या काठाला, आपटा स्टेशनच्या अलीकडे सरांचं गाव, आणि गावदेवीची पूजा सरांच्या भावकीकडे. गुरवांची चार घरं, घराघरांत भावांच्या वाटण्या, आणि सेवा महिन्या-महिन्याच्या पाळीनं. सरांची पाळी आली की सर कॉलेजात रजा टाकायचे, बॅगेत सोवळं भरायचे आणि जाऊन देवळात बसायचे. देवीला अंघोळ, नैवेद्य, संध्याकाळचा दिवा, आणि लोक येतील तसे कौल लावायचे. देवीच्या दोन खांद्यांवर ओली करून एकेक पाकळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गावात लग्न, जमीन, घर, नोकरी, काहीही या दोन पाकळ्यांशिवाय होत नाही.

मी त्यांना विचारलं होतं, "सर, जन्मभर स्वातंत्र्य शिकवता आणि वर्षातून महिनाभर हे करता?"

"माझा विश्वास नाही ही माझी खासगी बाब आहे," सर म्हणाले. "त्यासाठी देवीला पारोशी ठेवायचं का?"

पण त्यांची पद्धत न्यारी होती. कौल मागणाऱ्याची ते आधी तोंडी परीक्षा घ्यायचे. उजवा पडला तर काय करशील, डावा पडला तर काय करशील, दोन्ही उत्तरं द्यायची आणि ती वेगवेगळी असली पाहिजेत. एकदा एक गडी आला, नवीन गाडी घेऊ का म्हणून विचारायला.

"डावा पडला तर घेणार नाहीस?"

गडी घुटमळला. "मास्तर, गाडी घेतलीय. ती काय, बाहेर उबी हाय."

"मग देवीला कशाला तसदी?"

"नाय, तिला वाईट वाटाया नको, इचारला नाय म्हून."

सरांनी त्याला परत पाठवला आणि तो गाडीत बसून, हॉर्न वाजवून, देवीला दुरूनच नमस्कार करून गेला. गावात यावरून कुरबुर असायची. बाकीच्या तीन घरांचे गुरव मुकाट पाकळी लावतात, हाच एक गुरव मार्क देतो, असं लोक म्हणायचे. तरी अडलेली माणसं सरांच्याच पाळीची वाट बघायची. कारण परीक्षेत निम्म्यांना आपलं उत्तर आधीच सापडायचं आणि ते पाकळी न लावताच उठून जायचे.

त्या वर्षी सरांची पाळी भर उन्हाळ्यात आली. आधी आठवडाभर त्यांनी स्टाफरूमपासून ग्रंथालयापर्यंत सगळीकडे एकच रड लावली होती, की गाभारा म्हणजे भट्टी आहे, देवी दगडाची आहे म्हणून तिचं निभतं, गुरव हाडामांसाचा आहे. पाळी सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी पनवेलच्या एका दुकानाचा माणूस देवळात भिंतीचा पंखा घेऊन हजर. पैसे भरलेले. देवळातल्या पंख्यांच्या पात्यांवर दात्याची तीन पिढ्यांची नावं असतात. यावर फक्त "एक भाविक" असं रंगवलेलं होतं. सर खूश झाले. "नाव न घालणारा दाता हा एक तर संत असतो नाहीतर त्याला काहीतरी लपवायचं असतं," असं म्हणत त्यांनी पंखा देवीच्या डाव्या हाताच्या भिंतीवर स्वतः उभं राहून बसवून घेतला.

पाळी संपवून सर परत आले आणि ग्रंथालयात जायचे बंद झाले.

आम्हाला काही कळेना. मधल्या सुट्टीत ते स्टाफरूमच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. विचारलं तर म्हणायचे, "चहा सोडला." आणि हे सांगताना हातात चहाचा कप असायचा. पहिले काही दिवस बाईंनी दोन कप मांडले. मग त्या एकच मांडायला लागल्या. तो एक कप बघून मला सरांचा विलक्षण राग आला होता, हे इथं सांगून टाकतो. एवढी वर्षं ज्या बाईनं तुमचं बोलणं ऐकून घेतलं, तिला न येण्याचं कारण तरी सांगाल की नाही? पण सरांना चार गोष्टी सुनवायला गेलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा, की आपणच माफी मागून परत यावं.

वर्ष उलटलं, पुन्हा पाळी आली. बाईंच्या निवृत्तीला आता थोडेच दिवस होते. एका मंगळवारी मी सहज सरांना भेटायला देवळात गेलो. दुपारी लाइट गेली होती. एकामागून एक तिघं कौलाला आले आणि तिघांनाही उजवा मिळाला. चौथ्या माणसाच्या वेळी लाइट आली, पंखा फिरायला लागला, आणि त्याची डावी पाकळी पडली.

सर जाणाऱ्या माणसाकडे बघत राहिले. मग पंख्याकडे. मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "अर्थशास्त्री, जरा बटणापाशी उभे राहा."

मी पंखा बंद केला. सरांनी दोन पाकळ्या भिजवून लावल्या आणि देवीला विचारलं, "आज मंगळवार आहे का?" थोड्या वेळानं उजवी पडली. पंखा चालू केला. पुन्हा तोच प्रश्न. वारा थेट डाव्या खांद्यावर येत होता, तिकडची पाकळी बघता बघता सुकली आणि गळून पडली. देवीच्या मते आता मंगळवार नव्हता. सरांनी अजून एक प्रयोग केला. हात जोडून अगदी अदबीनं विचारलं, "माते, तू या गावची देवी आहेस का?"

डावा.

मला हसू आवरेना. देवळात हसू नये म्हणून मी बाहेर पळालो, नदीकडे तोंड करून पोटभर हसलो आणि डोळे पुसत आत आलो. सर गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर बसले होते. चेहरा पांढराफटक.

"वर्षभर," ते म्हणाले, "या गावाला देवी प्रत्येक गोष्टीला नाही म्हणते आहे."

"सर, होतं असं."

"मीही एक कौल लावला होता. गेल्या पाळीत."

मी खाली बसलो.

"दुर्वे बाईंना विचारू का, असं विचारलं होतं. डावा पडला."

जे सुचलं ते बोलून गेलो. "सर, विचारण्यात गुलामी असते म्हणून तुम्ही टेबलं फोडता! तुमचा तर विश्वासही नाही!"

"विश्वास ठेवून कौल लावला असता तर ती गुलामी झाली असती," सर म्हणाले. "मी विश्वास न ठेवता लावला. आणि विश्वास न ठेवता पाळला. पूर्ण स्वेच्छेनं." एवढं बोलून त्यांनी दुमडलेल्या बाहीनं डोळे पुसले. एवढी वर्षं ओळखतो, पण या माणसाला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. माझं मघाचं हसू मलाच लागलं.

सर प्रामाणिक, म्हणून त्याच संध्याकाळी त्यांनी गावाला देवळासमोर बोलावून सगळं सांगितलं. बटण चालू करून, बंद करून, पाकळ्या लावून दाखवल्या. "वर्षभर तुम्हाला जे नकार मिळाले ते देवीचे नव्हते, पंख्याचे होते. मी माफी मागतो. ज्यांचं नुकसान झालं त्यांनी मला बोलावं."

खरं म्हणजे नुकसान असं कुणाचं झालंच नव्हतं. बंगल्यांची स्कीम घेऊन आलेल्या एका बिल्डरला जमिनी द्यायच्या का म्हणून निम्म्या गावानं विचारलं होतं, सगळ्यांना डावा मिळाला, आणि तो बिल्डर पुढं शेजारच्या गावाला बुडवून पळाला. शेवटी पुढं बसलेली चांगुणाबाय उठली. वयानं गावात सगळ्यात मोठी, तोंडात मिश्री.

"मास्तर, पंका कुनी लावला?"

"मीच बसवला, आजी. चुकीच्या भिंतीवर."

"त्या भितीवर लावायची बुद्दी तुमाला कुनी दिली?"

"कुणी नाही. मी स्वतः ठरवलं."

"वारा कुनाचा हाय?"

सरांनी डोक्याला हात लावला. "आजी, वारा विजेचा आहे!"

"मंग ईज कुनाची हाय?" चांगुणाबाय म्हणाली आणि सगळं गाव तिच्या बाजूनं मान डोलवायला लागलं. "तुमी माफी मागू नका. तिला जवा नाय म्हनायचा होता तवा तिनं पंका मागवून घेतला. बास."

तासभर सरांनी कार्यकारणभाव समजावून सांगितला. गावानं तो आदरानं ऐकला आणि देवीला नारळ फोडून घरी गेलं.

मला वाटलं, आता तरी सर पनवेलला धावत जातील. पण ते ज्या जातीचे विचारवंत होते त्या जातीला धावता येत नाही. "नकार रद्द झाला म्हणजे होकार मिळाला असं होत नाही," ते मला म्हणाले. मग पुन्हा कौल लावा, पंखा बंद करून, असं मी वैतागून म्हटलं. त्यांनी तोही लावला. त्या दिवशी दोन्ही पाकळ्या संध्याकाळपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. दिवा लावायच्या वेळी सरांनी त्या हातानं काढल्या.

बाईंच्या निरोप समारंभाला सर पाळीतून दुपारपुरती सवड काढून आले. बोलायला उभे राहिले, माणसाच्या निर्णयस्वातंत्र्यावर फार सुंदर बोलले, आणि बाईंचं नाव न घेता खाली बसले. मी कपाळ बडवून घेतलं. समारंभानंतर बाई ग्रंथालयात आपलं कपाट आवरत होत्या. मी वर्तमानपत्रांच्या स्टँडमागे होतो. तिथून उठणं आता शक्य नव्हतं, कारण सर आत आले होते.

"बाई, एक उदाहरण सांगायचं आहे," सर म्हणाले.

"सांगा." बाई पुस्तकं बांधतच होत्या.

"समजा, क्ष नावाचा एक मनुष्य आहे."

आणि त्यांनी क्षची सगळी कथा सांगितली. क्षला एका व्यक्तीला काही विचारायचं होतं. विचारावं की नाही हे क्षनं देवीला विचारलं. देवीनं नाही सांगितलं. म्हणून क्ष त्या व्यक्तीकडे जायचा थांबला. पुढं निष्पन्न झालं, की नकार देवीचा नव्हता, कुणा एका भाविकानं दिलेल्या पंख्याचा होता. तर अशा परिस्थितीत क्षनं काय करावं, आणि क्षची नैतिक जबाबदारी किती?

सुतळीची गाठ मारता मारता बाईंचे हात थांबले.

"पंखा?" त्या म्हणाल्या. "पनवेलच्या दुकानातून तुमच्याकडे आलेला तो?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्हाला उकडतं म्हणून मीच पाठवला होता."

पुस्तकांनासुद्धा पुढं काय होणार याची उत्सुकता लागली असावी. बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

"तुमच्या त्या क्षला एक विचारा," त्या म्हणाल्या. "त्यानं देवीला विचारलं. पंख्याला विचारल्यासारखंच झालं ते. ज्या बाईला विचारायचं होतं, तिला विचारायचं त्याला सुचलं नाही? वर्षभर दुसरा कप मांडू की नको, हे ती बाई कुणाला विचारत असेल?"

सरांनी दुमडलेली बाही सोडली आणि पुन्हा दुमडली.

"उद्या सकाळच्या गाडीनं मी जाते आहे. माझा पंखा मला परत करा," बाई म्हणाल्या आणि सुतळी दातानं तोडली.

रागानं बोललेलं वाक्य होतं ते. कुणीही समजला असता. गुरव सरांनी ते शब्दशः घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना पोचवायला स्टँडवर गेलो. सांगलीची एसटी लागली होती. बाईंना खिडकीची जागा मिळाली आणि शेजारच्या जागेवर त्यांनी आपली पिशवी ठेवली. एका गृहस्थानं विचारलं, "ताई, इथं कोणी आहे का?"

"माणूस येतोय," बाई म्हणाल्या.

मला त्यात काही विशेष वाटलं नाही. एसटीत शेजारी ऐसपैस जागा हवी असली की सगळेच असं म्हणतात. गाडी भरली, कंडक्टर चढला, ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं, आणि स्टँडच्या फाटकातून एक पंखा धावत आला. पंख्यामागे सर होते. अंगावर सोवळं, त्यावर घाईत चढवलेला शर्ट, दोन्ही बाह्या सुटलेल्या. पंख्याला अजून भिंतीचा गिलावा चिकटलेला होता.

ते खिडकीखाली आले. "हा घ्या," धापा टाकत म्हणाले. पण खिडकीला आडवे गज आणि पंखा चांगला थोरला. त्यांनी तो उभा करून बघितला, तिरका करून बघितला. बाई खिडकीतून नुसत्या बघत होत्या. त्यांनी मदतीला हातही पुढं केला नाही.

"अहो, दारातून द्या ना!" कंडक्टर ओरडला.

सर दारातून चढले. गर्दीतून वाट काढत, पात्यांनी दोन टोप्या उडवत ते बाईंपर्यंत पोचले. त्यांनी पंखा खाली टेकवला आणि तेवढ्यात कंडक्टरनं दोनदा घंटी वाजवली. गाडी हलली. मी खाली तिच्याबरोबर चालायला लागलो.

"ओ बाबा, तुम्हाला उतरायचंय का?" कंडक्टरनं विचारलं.

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. देवळात त्यांची पाळी चालू होती, देवीची दुपारची पूजा राहिली होती. गुरवांच्या चार घरांत पाळी टाकून कधी कुणी गेलं नव्हतं. मला वाटलं, आता हे मिसळ सांगतील आणि इडलीला उतरतील.

"बाई," सर म्हणाले. आख्ख्या गाडीला ऐकू गेलं. "मी तुमच्याशी लग्न केलं तर चालेल का?"

बाईंनी शेजारची पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली.

"उतरायचंय का?" कंडक्टर पुन्हा म्हणाला.

"नाही," सर म्हणाले आणि बसले. या शब्दानंतर त्यांनी काहीही बदललं नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"पंख्याचं लगेज लागेल," कंडक्टर म्हणाला. गाडीनं वेग घेतला तशी सरांनी खिडकीतून हात काढून देवळाची किल्ली माझ्या अंगावर टाकली. "संध्याकाळचा दिवा तेवढा!" ते ओरडले. ते शेवटचं दर्शन. खिडकीत बाईंचा चष्मा, त्यापलीकडे सर, आणि त्यांच्या मांडीवर वाऱ्यानं आपोआप फिरायला लागलेला पंखा. पुढं त्यांनी सांगलीहूनच नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. लग्नाचा फोटो फोनवर आला त्यात त्यांची एक बाही दुमडलेली आहे.

ते स्वतः चढले, की खिडकी लहान पडली म्हणून चढले, याचा मी सरांच्या गावाला जाईपर्यंत विचार करत होतो. खिडकी रुंद असती तर? पंखा टेबलावरचा, बारका असता तर? आणि बाईंनी ती पिशवी कधी, कुठल्या भरवशावर ठेवली होती? शेवटचं पान त्यांनी आधीच वाचलं होतं, की स्वतः लिहिलं होतं? सर असते तर यावर तासभर बोलले असते आणि मला काहीच कळलं नसतं.

देवळात पोचलो तेव्हा चांगुणाबाय पायरीवर बसली होती. भिंतीवर चार भोकं आणि लोंबणारी वायर.

"पंका कुटं गेला?"

"सांगलीला."

"आनि मास्तर?"

"तेही. लग्न करतायत."

म्हातारीनं देवीकडे पाहून हात जोडले. "बग बाय. शेवटी त्याच पंक्यावर घालून न्हेलास ना त्याला?"

मला म्हणायचं होतं, की नाही आजी, तो माणूस स्वतःच्या मनानं बसून राहिला, मी साक्षीला होतो. पण ती हसत होती आणि मलाही बरं वाटत होतं. मी तेल घातलं, वात सारखी केली आणि दिवा लावला. गाभाऱ्यात भयंकर उकडत होतं.